गुरुवारचा प्याला

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाचा द्राक्षरस मी करते. एकतीस वर्षं झाली. त्याआधी माझी सासू करायची, आणि तिने मला पातेलं दिलं तेव्हा सोबत नियमही दिले. रस करायच्या दिवशी आधी आंघोळ. पातेलं वेगळं, पळी वेगळी, गाळायचं फडकं वेगळं. तेवढ्या वेळात कुणाशी बोलायचं नाही. आणि रस चाखून बघायचा नाही, कारण प्रभूच्या मेजावर जाण्याआधी तो कुणाच्या जिभेला लागता कामा नये. आमच्यात सोवळं-ओवळं नसतं, असं आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना अभिमानाने सांगतो. फक्त त्या पातेल्याला कुणी हात लावला की माझं डोकं फिरतं.

हे नियम शास्त्रात कुठे आहेत, असं माझी सून तेजल एकदा विचारून बसली होती. मी म्हटलं, शास्त्रात पोळ्या कशा लाटायच्या तेही दिलेलं नाही. त्यानंतर तिने विचारलं नाही.

मी सुलाबाई आढाव. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये तपासणीच्या खात्यात चौतीस वर्षं काढली. छापलेला कागद समोर आला आणि त्यात केसाएवढी रेष हललेली असली, तरी ती मला दिसायची. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण नजरेचा तो ताठा काही गेला नाही. नजर मात्र गेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती आणि मी ती दोनदा पुढे ढकलली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या बाईला आपल्याला दिसत नाही हे कबूल करणं फार जड जातं. घरात कुणी विचारलं की मी सांगायचे, मला सगळं स्वच्छ दिसतं, तुम्हीच दिवे कमी लावता.

चर्चच्या मागे, आवाराच्या कोपऱ्यात, एक पत्र्याची खोली आहे. तिथे बायडाबाई राहते. ती नांदगावकडची. तिचा नवरा आमच्या चर्चचा वॉचमन होता. तो वारला तेव्हा मंडळीने तिला खोलीत राहू दिलं, आणि त्याबदली ती झाडलोट करते, घंटा वाजवते, पितळेचा क्रूस घासते, भोजनानंतर भांडी धुते. बाप्तिस्मा तिने घेतलेला नाही. उपासनेला मात्र दर रविवारी शेवटच्या बाकावर येऊन बसते, आणि प्रभुभोजनाची वेळ आली की उठून बाहेर चपलांपाशी जाऊन उभी राहते. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. पण 'बस गं, कुठे जातेस' असंही एकोणीस वर्षांत आमच्यापैकी कुणी म्हटलं नव्हतं. भोजनाआधी भांड्यांना तिचा हात लागू नये, हा आग्रह तर माझाच होता. नंतर खरकटी धुवायला तिचा हात चालायचा.

या वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या, म्हणजे पवित्र गुरुवारच्या भोजनासाठी सायखेड्याच्या गेणूभाऊंनी काळ्या द्राक्षांची पेटी पाठवली. हंगाम संपत आला होता, पण द्राक्षं चांगली भरलेली होती. बुधवारी मी सगळ्या नियमांनी रस केला, शरबताच्या काचेच्या बाटलीत भरला आणि फ्रिजच्या दारात ठेवला. गुरुवारी पाच वाजता बाटली काढली, पांढऱ्या नॅपकिनमध्ये गुंडाळली, रिक्षाने चर्चला नेली आणि वेदीमागच्या खोलीत बायडाबाईच्या समोर धरली. "कपाटात ठेव. नॅपकिन सोडू नको." तिने ती नॅपकिनसकट घेतली आणि कपाटात ठेवली.

साडेसहाला उपासना सुरू झाली. आमचे पाळक रवी थोरात. तिशीतला माणूस, आठच महिन्यांपूर्वी आलेला, आणि त्या आठवड्यात सर्दीने बेजार. त्यांनी नॅपकिनसकट बाटली उचलून रस प्याल्यात ओतला, प्रार्थना म्हटली, आधी स्वतः घेतला. मग आम्ही ओळीने उठून वेदीसमोरच्या कठड्याशी गुडघे टेकले. माझ्याआधी नऊ जण होते आणि माझ्यामागे साठ.

प्याला माझ्या ओठांना लागला आणि मला कळलं.

तो जांभळाचा शिरका होता. माझाच. साखर वाढली म्हणून मी तो रोज सकाळी पाण्यात दोन चमचे घेते, त्याची चव मला झोपेतसुद्धा ओळखू येईल. तेजलने मोठ्या कॅनमधला शिरका तसल्याच दुसऱ्या बाटलीत भरून तिथेच, फ्रिजच्या दारात, माझ्या रसाच्या शेजारी ठेवला असणार. रंग सारखा, बाटली सारखी. चाखून बघायचा नाही हा माझा नियम, आणि दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही हाही माझाच नियम. नुसतं तेजलला विचारलं असतं, 'हीच ना गं?', तरी भागलं असतं. पण विचारायचं म्हणजे दिसत नाही असं म्हणायचं.

मी तो गिळला. पाळक माझ्यासमोरच होते. मान वर करून हळूच एक वाक्य सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. मी 'आमेन' म्हटलं, उठले, जागेवर येऊन बसले आणि डोळे मिटून घेतले. मागून साठ जणांनी शिरका प्यायला. एकानेही तोंड वाकडं केलं नाही, कुणी ब्र काढला नाही. आमच्या लोकांची शिस्तच तशी आहे. वेदीपाशी जे मिळेल ते डोळे मिटून घ्यायचं. मी मात्र प्रत्येकाचं खाकरणं मोजत बसले होते.

उपासना संपल्यावर आवारात जे ऐकलं, ते दुसऱ्या एखाद्या दिवशी ऐकलं असतं तर मी पोट धरून हसले असते. म्हाताऱ्या कुसाबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. वधस्तंभावर आपल्या प्रभूला आंब, म्हणजे शिरकाच, प्यायला दिली होती, तीच आज पाळकांनी आपल्याला चाखवली, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. चाळीस वर्षं भोजन घेते, पण दुःखसहन म्हणजे काय ते आज जिभेला कळलं, म्हणाल्या. चार बायकांनी माना डोलावल्या. कुणी म्हणालं, नवीन पाळकांच्या कल्पना फार छान असतात. पाळक बिचारे नाकाला रुमाल लावून उभे होते. नंतर मला म्हणाले, आंबट लागलं खरं, पण सुलामावशींच्या रसाला नाव कोण ठेवणार.

सेक्रेटरी पुंजाराम भालेराव मात्र असल्या भानगडीत भुलणारे नाहीत. रेल्वेत होते, तिकीट तपासायचे. त्यांनी प्याल्याच्या तळाचा वास घेतला आणि आम्हाला वेदीमागच्या खोलीत बोलावलं. पाळक, ते, मी आणि बायडाबाई.

"हा शिरका आहे," पुंजाराम म्हणाले. "सुलाबाई, तुम्ही रस स्वतः केला ना?"

"स्वतः केला. स्वतः गाळला. एकतीस वर्षं करतेय."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी तेवढंच बोलून थांबले.

"मग पाच ते साडेसहा बाटली कुणाकडे होती?" त्यांनी बायडाबाईकडे पाहिलं. "किल्ली तुझ्याकडे होती. बाटली कुठंय?"

"धुतली," बायडाबाई म्हणाली.

"धुतली! एवढ्यात?"

"दर टायमाला लगेच धुते. मुंग्या लागत्यात."

"गोड रस प्यायली असशील आणि पितळ घासायचा शिरका भरून ठेवला असशील. दुसरं काय?"

"मी चिंचेनं घासते, भाऊ. शिरका मी कुठनं आनू?"

एवढं बोलून तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रडवेली होऊनही नाही. दुकानात सुटे पैसे परत मिळायची वाट बघतात तसं, नुसती वाट बघत पाहिलं. मी नॅपकिनची घडी घालत होते. ती घडी मी तीनदा घातली.

पाळक म्हणाले, "पुंजारामजी, खात्री नसताना असं बोलू नका." पण नवा माणूस, आणि सर्दीने आवाज बसलेला. शेवटी ठरलं की ईस्टरच्या उपासनेनंतर पंचांची बैठक घ्यायची आणि बायडाबाईला खोली रिकामी करायला सांगायची की नाही ते तिथे ठरवायचं. पुंजारामांच्या बोलण्यावरून ते ठरल्यातच जमा होतं. प्रभूच्या मेजावर चोरी, यावर पंचांमध्ये दुमत होण्यासारखं काही नव्हतं. एकोणीस वर्षांनंतर साठीची बाई कुठे जाणार, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

शुक्रवारी गुड फ्रायडे. दर वर्षी मी दुपारी तीनपर्यंत निर्जळी उपवास करते आणि उपासना सुटल्यावर घरी येऊन पेज घेते. या वेळी तीन वाजून गेले तरी मी काही खाल्लं नाही. संध्याकाळीही नाही. शनिवारीही नाही, नुसतं पाणी घेतलं. चर्चमध्ये बायका एकमेकींना म्हणत होत्या, सुलाबाईंकडे बघा, या वयात केवढी भक्ती. मला ते ऐकू येत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याही स्थितीत बरं वाटत होतं. स्वतःला शिक्षा केली की एक सोय होते. आपण काहीतरी भरपाई केली असं वाटतं, आणि ज्याचं नुकसान केलं त्याच्या दाराशी जावं लागत नाही.

शनिवारी सकाळी तेजलने फ्रिज उघडला. "आई, तुमचा शिरका कुठे गेला? बुधवारी तर बाटली भरून ठेवली होती."

"संपला."

"दोन दिवसांत?"

"सांडला."

ती गुरुवारी चर्चला आली नव्हती, त्यामुळे तिला काही माहीत नव्हतं. तिने फ्रिजच्या दारातल्या दुसऱ्या बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि फ्रिज बंद केला. "पेज तरी घ्या," म्हणाली. मी नको म्हटलं. एका शब्दाचं खोटं बोलायला मी दोन दिवस घेतले होते, पण एकदा बोलता आलं की पुढचं सोपं जातं हेही मला तेव्हाच कळलं. मला माझीच किळस आली.

दुपारी ईस्टरच्या फुलांसाठी चर्चला गेले. पिशवीत निशिगंध होता आणि त्याखाली एक नवी साडी. चांगली होती, महेशने, माझ्या मुलाने, मला नाताळात घेतलेली. बायडाबाई खोलीबाहेर धान्य पाखडत बसली होती.

"ही घे," मी साडी पुढे केली.

तिने सूप खाली ठेवलं. "कशापायी?"

"ईस्टर आहे उद्या."

"ईस्टर दरसाल येतो, बाई. दरसाल तर देत नाय."

 साडी तशीच हातात धरून उभी राहिले.  

"पिशवीत ठिवा," ती म्हणाली. "ऊन लय हाय, सावलीत या." मग सूप परत मांडीवर घेऊन म्हणाली, "उद्या बैठक हाय म्हनं. तुम्ही असाल ना तिथं?"

"असेन."

"मंग झालं," म्हणाली आणि पाखडायला लागली.

'मंग झालं' म्हणजे काय झालं, हे विचारायची माझ्यात हिंमत नव्हती. मी आत जाऊन फुलं रचली. नेहमी मी फुलं रचते तेव्हा दोन्ही बाजू मोजून सारख्या करते. त्या दिवशी कुठलं कुठे खोवलं, आठवत नाही.

ईस्टरच्या सकाळी मी फ्रिजमधली बाटली घेऊन गेले. बुधवारी केलेला तोच रस, सगळ्या नियमांनी केलेला. या वेळी तेजलला म्हटलं, "वास घेऊन बघ, रसच आहे ना." ती वास घेऊन म्हणाली, "हो, रसच आहे." पुंजारामांनी बाटली माझ्या हातून घेतली, कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "आता बघू कोण हात लावतंय," म्हणाले. बायडाबाई दारात घंटेचा दोर धरून उभी होती. तिने ते ऐकलं.

चर्च गच्च भरलं होतं. पांढऱ्या साड्या, इस्त्रीचे सदरे, माळलेला मोगरा. गाणी झाली, प्रवचन झालं. पाळकांचा घसा आता मोकळा झाला होता. मग ते मेजापाशी आले आणि दर वेळचं आमंत्रण वाचू लागले. ज्यांना आपल्या पापांचा खरा पश्चात्ताप आहे आणि ज्यांचं आपल्या शेजाऱ्याशी प्रेमाचं व शांतीचं नातं आहे, त्यांनी जवळ यावं. हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल. ते ऐकताना मी नेहमी पदर नीट करते, कारण पुढचं काम उठायचं असतं.

त्या दिवशी मागे बाक वाजला. मी वळून पाहिलं. धूसर दिसलं, पण दिसलं. बायडाबाई नेहमीसारखी उठली होती आणि दाराकडे चालली होती.

मी उभी राहिले. "पाळकसाहेब, थांबा."

उपासनेत मध्येच कुणी बोलत नाही. आमच्याकडे तर नाहीच. सगळं चर्च माझ्याकडे बघायला लागलं.

"गुरुवारी प्याल्यात शिरका होता," मी म्हटलं. "तो माझ्या घरून आला. माझ्या औषधाची बाटली मी रस म्हणून आणली. मला दिसत नाही. मोतीबिंदू आहे आणि मी कुणाला सांगितलेलं नाही. बायडाबाईने नॅपकिनसुद्धा सोडला नव्हता."

 मग मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग बरेच जण हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. एकजण म्हणाला, तरीच! कुसाबाई तेवढ्या हिरमुसल्या. पाळकांच्याही चेहऱ्यावर हसू आलं. "मावशी, एवढंच ना? चूक कुणाच्याही हातून होते."

सगळे मला माफ करून मोकळे झाले होते. खाली बसावं असं फार वाटलं. तिथे बसले असते तर मी आमच्या मंडळीतली फार प्रामाणिक बाई ठरले असते.

"एवढंच नाही," मी म्हटलं. "मला गुरुवारीच कळलं होतं. इथे, कठड्यापाशी. माझ्यामागे साठ माणसं होती, मी त्यांना पिऊ दिलं. मग आत पुंजारामभाऊंनी तिला चोर ठरवलं, तेव्हा मी तिथेच उभी होते. तिचं घर जाणार हे मला माहीत होतं. माझं नाव राहावं म्हणून मी गप्प बसले. तीन दिवस."

आता कुणी हसलं नाही. पुंजाराम आपल्या हातांकडे बघत होते. पाळकांनी पुस्तक खाली ठेवलं. मी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. ती बाहेर गेली होती.

"मावशी," पाळक हळू आवाजात म्हणाले, "आता मेजापाशी या."

"आज नको," मी म्हटलं आणि मधल्या वाटेने बाहेर निघाले. एकाहत्तर वर्षांत भोजन टाकून मी पहिल्यांदाच बाहेर पडले.

ती चपलांपाशीही नव्हती. खोलीचं दार उघडं होतं. मी उंबऱ्याशी उभी राहिले. आत कधी गेले नव्हते, त्यामुळे जावं की नाही ते कळेना.

"या," ती आतून म्हणाली.

एक खाट, एक पत्र्याची पेटी, कोपऱ्यात शेगडी. ती पेटी उघडून बसली होती. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी तिने काढलं आणि माझ्या हातात दिलं. शरबताची बाटली. धुऊन स्वच्छ पुसलेली. तिच्यावर कागदाची पट्टी होती, वर चिकटपट्टी लावलेली. मी ती डोळ्यांपाशी आणली, उजेडाकडे वळवली. तेजलचं अक्षर. 'आईंचा शिरका. सकाळी दोन चमचे.'

 "तुझ्याकडे होती ही? गुरुवारपासून?"

"धुताना वाचली. मला वाचता येतं थोडं. तुमच्या पाळकीणबाईंनी शिकवलं व्हतं, आधीच्या."

"मग दाखवली का नाहीस? पुंजारामभाऊ एवढं बोलले, बाटली मोरीतच होती, तू दाखवायची ना!"

"दाखवनार व्हते. आजच्या बैठकीत." ती पेटीचं झाकण लावत म्हणाली. "म्हनलं, तवर बाई बोलत्यात का बघू. शुक्रवारी बघितलं. शनवारी तुम्ही आल्या, वाटलं बोलाल. तुम्ही साडी काढली."

मला रडू आलं. मी ते थांबवलं नाही. बायडाबाईने मला रडू दिलं, जवळ आली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. शेगडीवर तवा चढवून ती भाकरी थापायला लागली. तिकडे चर्चमध्ये गाणं सुरू झालं होतं, लोक कठड्याकडे चालले असणार.

"मला माफ कर," मी म्हटलं.

 तिने भाकरी उलटली.

मग म्हणाली, "तुम्ही तीन दिस जेवल्या नाय म्हनं. कुसाबाई समद्यांना सांगत व्हत्या."

"नाही जेवले."

"कशाला?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मला त्याचा काय उपेग झाला? त्यापरीस जेवायचं, आन् सांगून टाकायचं व्हतं."

चौतीस वर्षं चुका शोधण्यात घालवलेली मी बाई. माझी चूक इतक्या थोडक्या शब्दांत मला कुणी दाखवली नव्हती. 

तिने ताटली माझ्यापुढे ठेवली. गरम भाकरी, लसणाची चटणी, वांग्याचं भरीत. स्वतः समोर बसली, पण तिने स्वतःसाठी वाढून घेतलं नाही.

"मला राग हाय अजून," ती म्हणाली. "लय हाय. कवा जाईल, सांगता येत नाय. जेवा."

मी हात धुतले आणि जेवायला बसले.